फहाहीलमधली पेरणी

नाचणी आयनं पाठवली
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत,
तुस्कानोंच्या ज्योएलच्या बॅगेतून, बुटात खुपसून.
कस्टमवाल्यानं बाटली हलवली म्हणे,
कानाशी धरून ऐकली,
आणि जा म्हणाला.

बारा डिसेंबर. ड्यूटीवरून येऊन
बिर्याणीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात कापूस पसरला.
फोनवर विचारलं, दाट की विरळ?
"मूठ नको, चिमूट घे.
आणि तीन दिवस उजेड दाखवू नको.
उजेड शोधत शोधत उंच होते ती."

गिरीजला आमच्या गोठ्यात
वाळवंट बनवावं लागायचं.
भुईगावच्या किनाऱ्यावरची वाळू, सुताराकडचा भुसा,
आणि एक कान तुटलेला मातीचा उंट,
ज्याला धाकटा भाऊ शेवटपर्यंत घोडाच म्हणाला.
इथं खिडकी उघडली की वाळवंट आपणहून येतं,
गादीत, भातात, पापणीत.
उंट महामार्गाच्या कुंपणापलीकडे,
दोन्ही कान शाबूत.
हिरवं तेवढं मिळत नाही.

रोमेल ज्यूसच्या नळ्यांची चांदणी करतो.
त्याच्या गावी नऊ दिवस पहाटे मिस्सा असते.
इथल्या नऊ पहाटा
कंपनीच्या बसमध्ये, माना एकमेकांच्या खांद्यावर.
वर्कीचेट्टन पंचवीस दिवस मासळी खात नाही,
पण मी तळायला घेतली की
कांदा चिरायला येऊन उभा राहतो.

पंचवीस तारखेला कामाचाच दिवस.
नऊ वाजता फोन: सालमिया, जुनी इमारत,
लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे.
मी वरून दार फाकवलं, बॅटरी मारली.
खाली एक बाई, साठीची, लिपस्टिक लावलेली,
दोन्ही हातांनी ताट छातीशी धरून.
म्हणाली, आधी हे घे.
मी पोटावर आडवा होऊन हात सोडला
आणि वर आलं
कापसावरचं वीतभर मसुराचं रान.

मादाम सल्वा, लेबनॉनची.
बार्बारा संतिणीच्या दिवशी पेरायचं,
नाताळला गोठ्यापाशी ठेवायचं.
लेकीकडे सातव्या मजल्यावर निघाली होती.
मी सांगायला गेलो, मीसुद्धा, माझ्या घरीसुद्धा,
पण नाचणीला अरबीत काय म्हणतात?
शेवटी मोबाईलमधला फोटो दाखवला.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
नीट पाहिलं.
"दाट पेरलंस," म्हणाली.

सव्वीसला चांदणी उतरली.
वर्कीचेट्टननं एका बैठकीत तीन बांगडे संपवले.
मी डबा कचऱ्यात टाकायला जिना उतरत होतो,
तर खालच्या खोलीच्या दारात हारिस गिर्गिस.
तो मिन्याकडचा, त्याचा नाताळ सात जानेवारीला.
तोवर उपास. हातात कोरा चहा.
त्यानं डब्याकडे पाहिलं.
मी डब्याकडे पाहिलं.
कचऱ्याचा पिंप त्याच्या दारापासून चार पावलांवर होता.

मग रोज कामाला जाताना दिसायचा डबा
त्याच्या खिडकीत, पाण्याच्या मीटरशेजारी.
कड पिवळी पडली
तर मिशीच्या कात्रीनं त्यानं ती सारखी केली.
एकदा वाऱ्याचं वादळ आलं, गाड्या दिसेनात,
तेव्हा डब्यावर त्याची लोकरीची टोपी होती
आणि तो बोडका.

सातला संध्याकाळी त्यानं दार वाजवलं.
दोन ग्लास, दुधाचा चहा.
मी बसलो तिथून आयला फोन लावला,
सांगितलं, सव्वीस दिवस टिकली नाचणी.
"थापा मारू नको.
आपल्याकडे पंधरा दिवसांत लोळते."
मग जरा थांबून,
"पाणी कोण घालत होतं?"

मी लगेच काही बोललो नाही.
चहात दूध अंमळ जास्तच झालं होतं.